मुलांच्या पाठीतला बाक: अंश किती, आणि वाढ किती उरली आहे

दहाव्या-अकराव्या वर्षी मुलं बाथरूमचं दार आतून लावून घ्यायला लागतात. पाठ घासून द्यायला आई लागत नाही, कपडेही आपले आपण बदलतात. नेमकी हीच दोन-तीन वर्षं उंची झपाट्याने वाढण्याची असतात आणि याच काळात काही मुलांच्या कण्यात बाक येऊ लागतो. दुखत-खुपत काही नाही. शाळा, क्लास, खेळ सगळं सुरळीत चालू असतं. मग कधीतरी शिंपी माप घेताना म्हणतो, "ताई, हिचा एक खांदा वर आहे." किंवा गणवेशाचा स्कर्ट रोज एका बाजूने खाली ओघळतो आणि आई त्याचा हूक घट्ट करत बसते. तोवर बाक पंचवीस-तीस अंशांवर गेलेला असू शकतो.

या बाकाला स्कोलिओसिस म्हणतात. मुलाला मागून पाहिलं तर मानेपासून माकडहाडापर्यंत कणा सरळ रेषेत दिसायला हवा. स्कोलिओसिसमध्ये तो डावीकडे किंवा उजवीकडे वळतो, कधी वर एका बाजूला आणि खाली दुसऱ्या बाजूला, म्हणजे इंग्रजी एससारखा. पोक काढून बसणं ही वेगळी गोष्ट. पोक पुढच्या बाजूला असतं आणि "सरळ बस" म्हटलं की मूल ते सरळ करू शकतं. स्कोलिओसिस असा सांगून सरळ होत नाही, कारण त्यात नुसता बाक नसतो, पीळही असतो. गोल जिन्याच्या पायऱ्या वर चढता चढता फिरत जातात, तसे मणके एकावर एक थोडेथोडे फिरलेले असतात. छातीच्या भागातल्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या आहेत. मणका फिरला की त्या बाजूच्या बरगड्या मागे ढकलल्या जातात आणि पाठीवर एका बाजूला फुगवटा दिसतो. घरच्या घरी ओळखायची खूण हीच आहे.

दहा ते सोळा वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण दोन-तीन जणांच्या कण्यात दहा अंश किंवा त्याहून जास्त बाक सापडतो. त्यातले बहुतेक बाक लहान असतात आणि त्यांना उपचार लागत नाहीत. लहान बाक मुलामुलींत जवळजवळ सारखेच आढळतात, पण तीस अंशांच्या पुढे एका मुलामागे साधारण दहा मुली असं प्रमाण होतं.

दोष कुणाचा, हा प्रश्न आधी बाजूला ठेवू

निदान झालं की घरात पहिल्यांदा दप्तराचा विषय निघतो. मग मोबाइल बघताना लोळणं, दूध न पिणं, लहानपणी एकाच कडेवर घेणं, पाळण्यातून पडणं. आजी आईकडे बघते, आई मुलीकडे. यातल्या एकाही गोष्टीमुळे स्कोलिओसिस होत नाही. जड दप्तराने पाठ दुखते हे खरं आहे, आणि दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं हा नियम पाळायलाच हवा. पण दप्तराने कणा असा वळत आणि पिळत नाही. साधारण ऐंशी टक्के मुलांमध्ये नेमकं कारण सापडत नाही. अशा स्कोलिओसिसला डॉक्टर इडिओपॅथिक म्हणतात. अनुवंशाचा वाटा त्यात नक्की आहे, पण कुठल्याही एका जनुकावर बोट ठेवता येत नाही. मुलीला "तू नीट बसली असतीस तर" असं चुकूनही म्हणू नका. ते खोटं आहे आणि ते वाक्य तिच्या मनात राहतं.

पाठ कशी बघायची

विल्यम ॲडम्स या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८६५ साली सुचवलेली तपासणी आजही जगभर तशीच केली जाते, आणि ती घरी पाच मिनिटांत होते. उजेडाच्या खोलीत मुलाला तुमच्याकडे पाठ करून अनवाणी उभं करा. पाठ उघडी हवी. मुलगी मोठी असेल तर आईने किंवा मावशीने बघावं आणि तिला आधी कारण सांगावं. केस वर बांधा. आधी नुसतं उभं असताना पाहा: खांदे एका पातळीत आहेत का, एक खवाटा जास्त वर आलाय का, दोन्ही हात आणि कंबर यांच्यामधली फट सारखी आहे का.

मग पाय जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही तळहात एकमेकांना लावून तिला हळूहळू पुढे वाकू द्या, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत. तुम्ही मागे खाली बसा, म्हणजे डोळे तिच्या पाठीच्या पातळीत येतील. आता पाठीची डावी आणि उजवी बाजू पाहा. एका बाजूची बरगडी किंवा कमरेचा भाग दुसऱ्यापेक्षा वर उचललेला दिसला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. उभं असताना कंबर एका बाजूला कललेली दिसते आणि स्टुलावर बसवून वाकवलं की सगळं सारखं होतं, असं असेल तर एक पाय किंचित आखूड असू शकतो. तेही दाखवण्यासारखंच आहे, पण तो वेगळा विषय.

फिजिओथेरपिस्टकडे स्कोलिओमीटर नावाचं छोटं साधन असतं. वाकलेल्या पाठीवर ठेवलं की ते फुगवट्याचा कल दाखवतं. त्यावर सात अंश आले तर एक्स-रे काढायला सांगतात. हे सात अंश आणि एक्स-रेवरचे अंश वेगळे आहेत. पालक दोन्ही आकडे एकत्र करून "आधी सात होता, आता वीस झाला" असं घाबरून सांगतात. तशी तुलना करू नका.

एक्स-रेवरचा आकडा

एक्स-रे उभं राहूनच काढायचा, मान ते खुब्यापर्यंतचा पूर्ण कणा एकत्र दिसेल असा. चिठ्ठीवर बहुतेक "स्टँडिंग होल स्पाइन" असं लिहिलेलं असतं. लहान गावात झोपवून नुसत्या कमरेचा एक्स-रे काढला जातो. झोपल्यावर बाक कमी दिसतो, त्यामुळे तो एक्स-रे या कामाचा नाही. मुलींचा एक्स-रे मागून पुढे किरण जातील असा काढतात, म्हणजे छातीवर किरणोत्सर्ग कमी पडतो. टेक्निशियनला तसं विचारायला संकोच करू नका.

बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत जास्त कललेला मणका आणि खालच्या टोकाचा तसाच मणका, या दोन्हींवर रेषा मारून त्यांच्यातला कोन मोजतात. जॉन कॉब या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ साली ही पद्धत मांडली, म्हणून त्याला कॉब कोन म्हणतात. दहा अंशांपासून पुढे स्कोलिओसिस. एकच एक्स-रे दोन डॉक्टरांनी मोजला तरी चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो. सहा महिन्यांपूर्वी अठरा आणि आज एकवीस याचा अर्थ बाक वाढला असा होत नाही. पाच अंशांहून जास्त फरक पडला की मगच डॉक्टर वाढ झाली असं धरतात.

पालक या एका आकड्यावर अडकतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी आहे मुलाची वाढ किती बाकी आहे ही.

दोन मुली घ्या, दोघींचा बाक चोवीस अंश. एक अकरा वर्षांची, पाळी अजून आलेली नाही. दुसरी पंधरा वर्षांची, पाळी येऊन अडीच वर्षं झाली. पहिलीच्या बाबतीत डॉक्टर ब्रेसची, म्हणजे धडाभोवती घालायच्या कडक प्लास्टिकच्या आधाराची, तयारी करू लागतील, दुसरीला कदाचित "सहा महिन्यांनी या" एवढंच सांगतील. यात हलगर्जीपणा काही नाही. लोन्स्टीन आणि कार्लसन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९८४ साली सातशेहून जास्त मुलांची माहिती तपासून दाखवलं की वीस ते एकोणतीस अंशांचा बाक असताना भरपूर वाढ बाकी असेल, तर शंभरातल्या अडुसष्ट मुलांचा बाक वाढतो. तेवढाच बाक, पण वाढ बरीचशी आटोपलेली, तर शंभरात तेवीस जणांचा. आणि बाक वीसच्या आत, वाढ आटोपत आलेली असेल, तर शंभरात जेमतेम दोघांचा.

वाढ किती उरली हे कळायला खुब्याच्या हाडाची वरची कड एक्स-रेत पाहतात. तिथे नवं हाड धरत जातं, त्याला शून्य ते पाच असे रिसर अंक देतात. शून्य म्हणजे भरपूर वाढ बाकी, पाच म्हणजे वाढ संपली. काही डॉक्टर हाताच्या पंजाचाही एक्स-रे काढतात. घरातूनही दोन गोष्टी सांगता येतात: पहिली पाळी कोणत्या महिन्यात आली आणि दर तीन महिन्यांनी उंची किती वाढते आहे. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती पहिल्या पाळीच्या आधी. पाळीनंतर वेग मंदावतो आणि साधारण दोन वर्षांत वाढ थांबत येते. "पाळी येऊ दे, मग बघू" असं म्हणून थांबणाऱ्या घरांत उपचाराचा सर्वांत मोलाचा काळ हातातून जातो. मुलांची वाढ उशिरा सुरू होते आणि उशिरापर्यंत चालते, म्हणून त्यांच्यावर सोळा-सतरापर्यंत लक्ष ठेवावं लागतं.

बघत राहणं, ब्रेस, आणि दोन्हीच्या मधलं घर

वाढत्या मुलाचा बाक पंचवीस अंशांच्या आत असेल तर दर चार ते सहा महिन्यांनी तपासणी. हे वाट पाहणं पालकांना फार जड जातं. काहीतरी करावंसं वाटतं, आणि मग मेडिकलच्या दुकानातून खांदे मागे ओढणारा पट्टा येतो, कुणीतरी रोज दारावर लटकायला सांगतं, कुणी गावच्या हाडवैद्याकडे नेतं. लवचीक पट्ट्याने स्कोलिओसिस थांबत नाही, लटकण्यानेही नाही. जोर लावून मणके "बसवणं" धोक्याचं आहे, ते कुणालाही करू देऊ नका.

पंचवीस ते चाळीस अंश आणि वाढ बाकी, तर ब्रेस. तो किती उपयोगी पडतो यावर अनेक वर्षं वाद होता. अमेरिका आणि कॅनडातल्या पंचवीस रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासाने तो बराचसा मिटवला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली आले. बाक पन्नास अंशांच्या आत राहून वाढ पूर्ण झाली तर यश, असं त्यांनी ठरवलं होतं. ब्रेस घालणाऱ्यांपैकी बहात्तर टक्क्यांना यश आलं, न घालणाऱ्यांपैकी अठ्ठेचाळीस टक्क्यांना. फायदा इतका स्पष्ट दिसू लागला की अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला गेला. ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं बसवलेली होती, त्यामुळे कोण खरोखर किती तास घालतं हेही कळलं. दिवसाला सहा तासांपेक्षा कमी घालणाऱ्यांचं यश न घालणाऱ्यांइतकंच होतं, तर तेरा तास किंवा जास्त घालणाऱ्यांमध्ये ते नव्वद टक्क्यांच्या वर गेलं.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. ब्रेस न घालताही जवळजवळ निम्म्या मुलांचा बाक पन्नासच्या आत राहिला. म्हणजे काही मुलं हा त्रास गरज नसताना सोसतात, आणि ती कोणती हे आधी ठरवता येत नाही. ही अनिश्चितता डॉक्टरांनी मुलीसमोर मोकळेपणाने मांडावी, असं मला वाटतं. बारा वर्षांच्या मुलीला हे समजतं. न समजावता बांधलेला ब्रेस लवकरच कपाटात जातो.

दुसरी स्पष्ट सांगायची गोष्ट: ब्रेस बाक काढत नाही, थांबवतो. तीसवर सुरू केला आणि वाढ संपताना तीस-बत्तीसवर थांबलो, तर तो विजय आहे. ब्रेस घालून काढलेल्या एक्स-रेत बाक निम्म्याच्या आसपास कमी दिसला तर ब्रेस चांगला बसला असं समजतात. बराच कमी सुधार दिसला तर बनवणाऱ्याकडे परत जायचं.

आपल्याकडे बोस्टन किंवा शेनो धाटणीचे, काखेच्या खाली येणारे कडक प्लास्टिकचे ब्रेस जास्त करून मिळतात. कपड्याखाली ते फारसे दिसत नाहीत. खरा त्रास घामाचा. मुंबई-कोकणच्या दमटपणात तर विचारू नका. आत बिनशिवणीचा, अंगाला चिकटून बसणारा सुती बनियन घालायचा, त्याला सुरकुती पडू द्यायची नाही, आणि असे चार-पाच ठेवायचे म्हणजे दुपारी बदलता येतो. ब्रेसखाली तेल किंवा क्रीम नको, त्वचा नरम पडून सोलवटते. ब्रेस काढल्यावर दाब पडतो तिथे लाली दिसणारच. ती अर्ध्या तासात गेली पाहिजे. फोड आला किंवा लाली राहिली तर कुठेतरी टोचतंय, तिथे ब्रेस घासून घ्यावा लागतो.

तासांचं गणितही मांडून पाहा. सकाळची शाळा असेल तर ती ब्रेसविना. दुपारी दोन ते पाच घातला, पाच ते सात खेळायला काढला, सातला घातला तो सकाळी सहापर्यंत. चौदा तास झाले आणि वर्गात कुणाला दिसला नाही. डॉक्टर बहुतेक अठरा किंवा जास्त तास सांगतात आणि ते कमी करणं आपल्या मनाने ठरवायचं नसतं. पण "कोणते तास सोडले तर चालतील" हे मुलीच्या तोंडून विचारलं जावं. वेळापत्रक तिने केलेलं असलं की ते टिकतं.

व्यायामाचं काय? जर्मनीत काथारिना श्रोट यांना स्वतःला स्कोलिओसिस होता. १९२१ पासून त्यांनी श्वास आणि स्नायूंच्या वापराची एक पद्धत विकसित केली, ती आज त्यांच्याच नावाने शिकवली जाते. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे नियमित केली तर लहान बाकात थोडा फायदा होतो असं काही अभ्यास दाखवतात. ब्रेसच्या जोडीला ती चांगली, ब्रेसऐवजी नाही. योगासनांनी अंग लवचीक राहतं, मनही शांत होतं. पण वाढत्या वयातला तीस अंशांचा बाक आसनांनी रोखता येतो याला भक्कम पुरावा नाही. खेळ मात्र बंद करू नका. कबड्डी, पोहणं, मल्लखांब, धावणं, काहीही. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे.

शस्त्रक्रिया

बाक पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विषय निघतो. कारण छातीच्या भागातला पन्नासपुढचा बाक वाढ संपल्यावरही थांबत नाही, वर्षाला साधारण एक अंश सरकत राहतो. पोलिओने वाकलेल्या मुलांसाठी ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी कण्यात धातूची सळई बसवायला सुरुवात केली आणि १९६२ साली ते काम प्रसिद्ध केलं. आज मणक्यांत स्क्रू बसवून दोन सळयांनी कणा जमेल तितका सरळ करतात आणि तेवढे मणके एकमेकांना जोडून टाकतात. तो भाग नंतर वाकत नाही. मज्जारज्जूचे संदेश शस्त्रक्रियेच्या वेळी सतत यंत्रावर पाहिले जातात. इडिओपॅथिक स्कोलिओसिसच्या मुलांमध्ये मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका शंभरात एकापेक्षा कमी आहे. कमी आहे, शून्य नाही. सर्जनला विचारा: अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती करता, संदेश पाहणारी यंत्रणा आहे का, किती मणके जोडणार. खर्चाचा प्रश्न असेल तर जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच लेखी समजून घ्या.

मूल साधारण महिना-दीड महिन्यात शाळेत परततं. इंग्लंडच्या राजघराण्यातली युजिनी बाराव्या वर्षी या शस्त्रक्रियेतून गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये लग्नात तिने मुद्दाम पाठ उघडी राहील असा पोशाख घातला, व्रण दिसावा म्हणून.

वेगळी वाट असलेले स्कोलिओसिस

काही गोष्टी दिसल्या तर सहा महिने थांबायचं नाही. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, काही महिन्यांत झपाट्याने वाढलेला बाक, छातीच्या भागात डावीकडे झुकणारा बाक. अशा वेळी एमआरआय काढून मज्जारज्जू पाहतात. पाठदुखीबरोबर बारीक ताप, वजन उतरणं, संध्याकाळी गळून जाणं असेल तर आपल्या देशात मणक्याचा टीबी आधी डोक्यात यायला हवा. त्याने पाठीला बहुतेक टोकदार कुबड येतं, आणि औषधांनी तो बरा होतो.

जन्मतःच एखादा मणका अर्धा बनलेला असला, तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि हृदयाची इको करून घेतात, कारण हे अवयव गर्भात त्याच सुमारास घडतात. सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंच्या आजारातला बाक वेगळ्या कारणाने येतो आणि अनेकदा वाढ संपल्यावरही वाढतो. त्याचे उपचार बसण्या-श्वासाचा विचार करून ठरतात. आणि तीन वर्षांच्या आतल्या बाळाला बाक असेल तर तो आपोआप जाण्याचीही शक्यता असते. जो जात नाही, त्यासाठी लंडनजवळच्या स्टॅनमोर रुग्णालयात डॉ. मिन मेहता यांनी ठरावीक काळाने बदलायच्या प्लास्टरची पद्धत रुजवली. १३६ बाळांवरचा त्यांचा अभ्यास २००५ साली आला. लवकर प्लास्टर सुरू झालेल्या अनेक बाळांचा कणा सरळ झाला. या वयात घाईने मणके जोडत नाहीत, कारण फुप्फुसांना वाढायला छातीत जागा लागते.

पुढचं आयुष्य

"लग्नाचं काय, मुलं होतील का?" हा प्रश्न दवाखान्यात दबक्या आवाजात येतो. उत्तर मोठ्याने द्यायला हवं. किशोरवयातल्या इडिओपॅथिक स्कोलिओसिसमुळे गर्भधारणेत सहसा अडचण येत नाही, ब्रेस घातलेला असो की शस्त्रक्रिया झालेली असो. अमेरिकेतल्या आयोवामध्ये उपचार न घेतलेल्या ११७ जणांची पन्नास वर्षांनी पाहणी झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत पाठदुखी इतरांपेक्षा जास्त आढळली, मोठ्या बाकांत धाप लागण्याचं प्रमाणही जास्त होतं. पण ही माणसं नोकऱ्या-संसार करत होती आणि त्यांचं आयुर्मान इतरांसारखंच होतं. तेव्हा वीस अंशांचा बाक असलेल्या, वाढ संपलेल्या मुलीला कुणी "सोयरिकीला सांगावं लागेल" म्हणत असेल तर त्याला गप्प करणं हे घरातल्या मोठ्यांचं काम आहे.

एका फाइलमध्ये सगळे एक्स-रे आणि सीडी तारखेप्रमाणे ठेवा. पहिल्या पानावर पाळीचा महिना आणि उंचीच्या नोंदी. डॉक्टर बदलले तरी जुना एक्स-रे शेजारी ठेवूनच नवा मोजायला सांगा. घरात एकाला स्कोलिओसिस असेल तर भावंडांमध्ये त्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्यांचीही पाठ दहाव्या वर्षापासून उंची वाढायची थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी वाकवून पाहा.